रिव्हॉल्व्हरच्या आधी दार

घोडबंदर रोडवर किंवा नेरूळमध्ये एखाद्या फ्लॅटवर दरोडा पडला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बांधून दागिने नेले, की सोसायट्यांमध्ये एकच मागणी सुरू होते : अमेरिकेसारखं आम्हालाही घरात पिस्तूल ठेवू द्या. आईवडील ठाण्यात आणि मुलं समुद्रापार अशा घरांत ही भीती रोज झोप उडवते, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण अमेरिकेतल्या टेक्सासमधून या मागणीकडे पाहताना वाटतं, की स्वतःच्या बचावाचा हक्क आपल्याकडे आहेच. बंदुकीबरोबर येणारं ओझं मात्र कुणी मोजत नाही.

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण या कलमांचा गाभा १८६०च्या दंड संहितेतलाच आहे. कलम ४१ सांगतं की जबरी चोरी, सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा जीव जाण्याची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटेल अशी चोरी यांत मालमत्तेच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. अट कलम ३७ची : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हल्ला अंगावर येत असताना नागरिकाने भ्याडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही.

खरा फरक पडतो तो नंतर. टेक्सासमध्ये कुणी बळजबरीने घरात शिरला, तर घरमालकाची भीती रास्त होती असं कायदा गृहीत धरून चालतो. आपल्याकडे नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८प्रमाणे बचाव आरोपीला दाखवून द्यावा लागतो. त्याला तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, अधिक संभवनीय दाखवला तरी पुरतो. तरीही तोवर गुन्हा नोंदलेला असतो, शस्त्र जप्त असतं, कदाचित अटकही झालेली असते, आणि ठाणे कोर्टाच्या तारखा सुरू झालेल्या असतात.

आणि हक्क संपतो कधी, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं. चोर पकडून खांबाला बांधला की धोका संपला. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा मारणाऱ्याचा गुन्हा आहे. नागरिकाला चोर पकडता येतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०प्रमाणे त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. एवढं वाक्य सोसायटीच्या फलकावर लावलं, तर कुणाचा मुलगा खुनाच्या खटल्यात अडकणार नाही.

आता बंदूक. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, परवाना पोलीस आयुक्तालयाकडूनच मिळतो. त्यासाठी अर्ज, पोलीस पडताळणी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. नऊ एमएमचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून बहुतेकांची नजर .३२च्या रिव्हॉल्व्हरवर असते. निवडणूक आली की ते पोलिसांकडे जमा करण्याची नोटीस येऊ शकते. बिनपरवाना गावठी कट्ट्याचा विचारही नको, २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे.

परवाना मिळाला तरी रात्री तीन वाजता ते रिव्हॉल्व्हर कुठे असेल? तिजोरीत असेल तर हातात यायला वेळ लागतो. उशीखाली असेल तर नातवाच्या हाती लागतं. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर ती निष्काळजीपणे ठेवणाऱ्यावर खटला होऊ शकतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या आहेत. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये १९९२ साली सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीचं घर समजून चुकीच्या दारात गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. फौजदारी खटल्यात मालक सुटला, दिवाणी दाव्यात हरला. मुलगा परत आला नाही. शिवाय ठाण्याचा दहा बाय चौदाचा हॉल घ्या. काँक्रीटच्या भिंतीवरून गोळी उलटते, आणि बेडरूमच्या फ्लश डोअरमधून थेट आत जाते, जिथे बायको-मुलं झोपलेली असतात. दिवसा घर बंद असताना कडी-कोयंडा तोडून चोर आला, तर कपाटातलं रिव्हॉल्व्हर त्याचंच होतं.

इथे टेक्सासमधले चांगले प्रशिक्षक बंदूक असलेल्यालाही सांगतात, की घरभर चोर शोधत फिरू नका. सगळे एका खोलीत जा, दार लावा, फोन करा, मोठ्याने ओरडा. हे ठाण्यात बंदुकीशिवायही जमतं. आतली एक बेडरूम ठरवा. तिच्या गोल नॉबवर विसंबू नका, वर-खाली आठ इंची स्टीलचे टॉवर बोल्ट लावा. एक चार्ज केलेला फोन तिथेच ठेवा. ११२ लावून आधी पत्ता सांगा : सोसायटी, विंग, मजला, फ्लॅट नंबर.

मुख्य दारात बहुधा कडी तुटत नाही, पाऊण इंची स्क्रू उपटतात. चौकटीत दोन इंची स्क्रू आणि फळीत आरपार नट-बोल्ट घ्या. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्याही बाहेर येतात, त्यांची पिन ठोकून काढता येते. वेल्डरकडून ती टाके मारून पक्की करून घ्या. कुरियर, गॅसवाला, सर्वेवाला, कुणीही असो, बोलायचं ते जाळीच्या दारातून, आणि हे आजीआजोबांना दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगा. स्लायडिंग खिडकीचा पल्ला उचलून रुळातून निघतो, वरच्या रुळात स्क्रू बसवला की निघत नाही. ग्रिलला आगीत बाहेर पडायची झडप असू द्या, तिची किल्ली आत हाताशी ठेवा.

काठी? तीन फुटी पॅसेजमध्ये साडेपाच फुटी लाठी फिरत नाही. पेपर स्प्रे बरा, पण बंद खोलीत तो आपल्याही डोळ्यांत जातो, म्हणून फवाऱ्यापेक्षा जेलसारखा घट्ट द्रव सोडणारा घ्यावा आणि डब्यावरची मुदत पाहावी. भिंतीवर तलवार लावण्याआधी शस्त्र कायदा विचारून घ्या.

इमारतीला रंगकामाची परांची लागली, की आठव्या मजल्याची खिडकीसुद्धा तळमजल्याची होते. त्या महिन्यांत रात्रीचा एक जादा वॉचमन, परांचीच्या पायथ्याशी दिवा, आणि संध्याकाळी पहिल्या दोन मजल्यांच्या शिड्या उतरवून ठेवण्याची अट कंत्राटातच लिहून घ्या, सर्वसाधारण सभेत मंजूर करून.