खुडूक माणसाचे एकवीस दिवस

कोंबडी खुडूक होते तेव्हा तिला कुणी काही शिकवलेलं नसतं. पोटाखालची पिसं झडतात, ती अंग फुगवून अंड्यांवर बसते, जवळ येणाऱ्या हाताला चोच मारते आणि २१ दिवसांनी पिल्लं घेऊन उठते. माणूस खुडूक होतो तेव्हा तो आधी इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, आणतो. मग थर्मामीटर आणतो. त्याचं आणि यंत्राच्या आकड्याचं जमत नाही म्हणून दुसरा आणतो. आता आकडे तीन, तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि अंड्यांचा अजून पत्ताच नाही. खुडूक कोंबडी निदान दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते. खुडूक माणूस यंत्राच्या काचेला नाक लावून बसला की बसला.

या माणसाबद्दल मला आपुलकी आहे, कारण मी त्याच कळपातला. पण माझं मत आधीच सांगून टाकतो: घरच्या उबवणीत यंत्राने जेवढं बिघडतं त्याहून जास्त झाकण उघडणाऱ्या हाताने बिघडतं.

अंड्यांपासून सुरुवात करू. बाजारात खायला मिळणारं अंडं सहसा उबत नाही, कारण ते घालणाऱ्या कोंबडीने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. अंडं फलित हवं. कोंबड्याशी एकदा संबंध आला की पुढचे दोन-तीन आठवडे कोंबडी फलित अंडी देऊ शकते, म्हणून कोंबडा बदलला तर निदान तीन आठवडे थांबावं, नाहीतर नव्या नवऱ्याच्या नावावर जुन्याची पिल्लं. अंडी आठवडाभरापेक्षा जुनी नकोत. साठवताना १३ ते १८ अंश सेल्सिअस, निमुळतं टोक खाली. फ्रिज त्याहून बराच थंड असतो. आणि अंडी धुऊ नयेत. कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर कोंबडीनेच चढवलेला एक पातळ थर असतो. धुताना तो जातो आणि जंतूंना दार उघडं मिळतं. स्वच्छतेची फार हौस असेल तर स्वच्छ अंडी निवडावीत, घाणेरडी घासू नयेत. प्रवास करून आलेली अंडी लगेच यंत्रात न घालता दिवसभर निमुळतं टोक खाली करून स्वस्थ उभी ठेवावीत. गचके खाऊन आतली हवेची पोकळी हललेली असते.

यंत्र रिकामं २४ तास चालवून पाहावं. पंख्याचं यंत्र असेल तर ३७.५ अंश. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते, म्हणून अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर मोजून साधारण ३८.५. त्या तीन आकड्यांतला खरा कोण, हे ठरवायचा उपाय सोपा आहे: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळा, त्यात दोन्ही थर्मामीटरांची टोकं बुडवा. जो शून्य दाखवत नाही तो खोटारडा, आणि किती खोटारडा हेही तिथेच कळतं. आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरसाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करायचं आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवायचे. एवढं करणारा माणूस क्वचितच भेटतो. पिल्लं का निघाली नाहीत यावर तासभर बोलणारे मात्र भरपूर.

तापमान चुकायचंच असेल तर खाली चुकावं. वीज दोन-तीन तास गेली तर गर्भ बहुधा सोसतो, पिल्लं थोडी उशिरा येतात एवढंच. पण आकडा चाळिशीकडे जाऊन काही तास तिथेच राहिला तर खेळ खलास. म्हणून वीज गेल्यावर घाबरू नये, आल्यावर नीट लक्ष ठेवावं. तापमान सतत जरासं चढं राहिलं तर पिल्लं दिवसभर आधी निघतात आणि त्यांच्या बेंब्या नीट मिटलेल्या नसतात. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता सोडायला लागतात, तेव्हा आकडा आपोआप वर सरकतो. यंत्राची हवेची भोकं याच काळात 'ऊब वाया जाते' म्हणून बुजवली जातात. आत श्वास घेणारे जीव आहेत, लोकरी कपडे नाहीत.

अंडी फिरवणं हे एकच असं काम आहे की ज्यात हाताची शिवशिव उपयोगी पडते. फिरवलं नाही तर गर्भ वर तरंगून कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, आणि पहिल्या आठवड्यात हा धोका सर्वांत जास्त. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा पालटायचं. विषम संख्या का? रात्रीचा लांब पल्ला रोज त्याच कुशीवर जाऊ नये म्हणून. ज्यांना तीनची सवय जमत नाही त्यांनी आपोआप फिरणारा ट्रे घ्यावा आणि तो खरंच फिरतोय का ते तपासावं. ट्रे दिसायला मेहनती असतो, पण त्याची मोटर झोपली तरी तो तोंडावर दाखवत नाही.

आर्द्रता हा मात्र भांडणाचा विषय. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के हे नेहमीचं गणित. काही जण या काळात थेंबभरही पाणी घालत नाहीत आणि हवा मुळातच दमट असेल तर त्यांचंही जमतं. दोन्ही पक्ष एकमेकांना वेड्यात काढतात. भांडण मिटवायला वजनकाटा आहे. कवचातून पाण्याची वाफ जात असते आणि १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटायला हवं. म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं ५२-५३ ग्रॅमवर आलं पाहिजे. कमी घटलं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लाला मान वळवायला, पहिला श्वास घ्यायला जागा नसते. जास्त घटलं तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. आणखी एक: आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर ठरते. अरुंद वाटी काठोकाठ भरून ओसंडवली तरी आकडा हलत नाही. पसरट ताटली ठेवली की हलतो. हे उमगेपर्यंत बराच पूर आलेला असतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च लावून पाहायचं. याला कॅन्डलिंग म्हणतात, मेणबत्तीच्या काळातलं नाव टिकून राहिलंय. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा आणि मधोमध हलणारा काळा ठिपका दिसला तर अभिनंदन. काहीच न दिसता अंडं स्वच्छ उजळलं तर ते वांझ. शिरा नाहीत पण लाल कडं आहे, तर गर्भ सुरुवातीलाच गेलेला. वांझ आणि मेलेली अंडी काढून टाकावीत, विशेषतः घामाघूम झालेली किंवा वास मारणारी. नासकं अंडं यंत्रात फुटतं, आणि त्यानंतर घरातली मंडळी यंत्राबद्दल जे बोलतात ते छापता येत नाही. मारान जातीच्या गडद चॉकलेटी कवचातून मात्र काही दिसत नाही. तिथे टॉर्च विझवून देवावर भरवसा ठेवावा. खरा त्रास पुढे आहे: एकदा शिरा पाहिलेला माणूस रोज टॉर्च घेऊन येतो. सातवा आणि चौदावा दिवस एवढ्याने भागतं.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, ट्रे बाहेर, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि झाकण बंद. कोंबडीवाले याला लॉकडाउन म्हणतात. महामारीच्या कितीतरी आधीपासून म्हणतात, आणि तो मोडायची हौसही तेवढीच जुनी आहे. अंड्यांखाली खरबरीत जाळी हवी. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात.

आत काय चाललंय ते समजून घेतलं तर हात थोडा आवरता येतो. आधी पिल्लू हवेच्या पोकळीचा पडदा फोडून फुप्फुसांनी श्वास घेतं, आणि कवचाच्या आतूनच चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या छोट्या दाताने कवचाला टिचकी देतं. आणि मग थांबतं. बारा तास, कधी २४ तास. माणसाला वाटतं ते अडकलंय. ते अडकलेलं नसतं, पडद्यातल्या शिरांमधलं रक्त आत घेत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढत असतं. याच वेळी चिमटा घेऊन मदतीला धावणारा माणूस जिवंत शिरा फोडतो. आणि एकासाठी झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते, शेजारच्या टिचकी दिलेल्या अंड्यांतला पडदा कागदासारखा सुकतो, आणि वाचवायच्या यादीत आणखी तीन नावं येतात. पूर्ण दिवस उलटूनही काही हललं नाही तर पडदा हलका ओला करून पाहावं. लाल शिरा दिसल्या तर माघार घ्यावी. सगळं सुरळीत असेल तर विसावा संपल्यावर पिल्लू आतल्या आत फिरत कवचाची टोपी कापत जातं आणि लाथ मारून बाहेर येतं. ओलं, थकलेलं, दिसायला अगदीच गबाळं. ते सुकेपर्यंत आतच राहू द्यावं. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस आरामात काढतं, त्यामुळे 'उपाशी आहे बिचारं' ही सबब चालत नाही. बाहेर काढल्यावर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

पिल्लं फुगून कापसासारखी झाली की खुडूक माणसाचा दुसरा आजार डोकं वर काढतो: ही कुठल्या जातीची? आणि हे त्याला आजच हवं असतं. पिवळं पिल्लू पाहून तो पिवळी कोंबडी मनात रंगवतो, आणि ते मोठेपणी पांढरंशुभ्र लेगहॉर्न निघतं. पोटाशी पांढरी झाक असलेलं काळं पिल्लू ऑस्ट्रालॉर्प असू शकतं, काळं ऑर्पिंग्टन असू शकतं, बार्ड प्लायमाउथ रॉकही असू शकतं. पाठीवर खारीसारखे पट्टे असलेलं पिल्लू तपकिरी लेगहॉर्न की वेल्समर, यावर शहाण्याने पैज लावू नये. रंग सर्वांत शेवटी पाहावा, माणसं तो सर्वांत आधी पाहतात.

आधी बोटं मोजावीत. बहुतेक कोंबड्यांना चार, पण डॉर्किंग, हूडां, फॅव्हरोल, सुलतान आणि सिल्की यांना पाच. मग नडगीवर पिसं आहेत का ते पाहावं: ब्रह्मा, कोचीन, लँगशान यांना असतात. मानेवर पिसंच नसतील तर तो आजार नाही, नेकेड नेक जात आहे, ती जन्मतःच तशी असते. डोक्यावर टेंगूळ असेल तर पोलिश. कातडी काळी, बोटं पाच आणि अंगावर केसांसारखी लव असेल तर सिल्की. कातडी काळी पण बोटं चार आणि पिसं नेहमीची असतील तर कडकनाथाच्या वाटेने विचार करावा.

मग तुरा. करवतीसारखा उभा एकेरी, डोक्यावर चपटा बसलेला गुलाबी (रंगाने नव्हे, गुलाबाच्या नावाचा), आणि तीन बुटक्या रांगांचा वाटाणी. हे नुसतं वर्णन नव्हे, दोन जाती वेगळ्या करायचं हत्यार आहे. बार्ड प्लायमाउथ रॉक आणि डॉमिनिक या दोघी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि पिवळ्या पायांच्या. पण रॉकचा तुरा एकेरी, डॉमिनिकचा गुलाबी. पट्ट्यांतली तिसरी कोकिळरंगी मारान, तिचे पाय पिवळे नसून फिकट. वायनडॉटचा तुरा गुलाबी असतो, तरी त्यांच्यात अधूनमधून एकेरी तुऱ्याचं पिल्लू येतं. लोक लगेच विकणाऱ्याला शिव्या घालतात. शुद्ध गुलाबी तुऱ्याच्या नरांची प्रजननक्षमता कमी असते, त्यामुळे एकेरी तुऱ्याचं जनुक कळपात लपून टिकतं. विकणारा या बाबतीत निर्दोष असू शकतो.

बाकी बाबतींत सांगता येत नाही. अमेरॉकाना म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं ईस्टर एगर असतात, म्हणजे निळ्या अंड्यांचं रक्त असलेली सरमिसळ. अमेरिकी मानकातल्या अरॉकानाला शेपूट नसतं आणि कानाशी पिसांचे तुरे असतात. अमेरॉकानाला शेपूट असतं, शिवाय दाढी आणि कल्ले. हिरवं अंडं हातात आलं तर ते फोडून कवचाची आतली बाजू पाहावी, ती निळसर असते. निळा रंग कवचात आरपार असतो, तपकिरी नुसता वरून फासलेला, आणि दोन्ही मिळून हिरवा. 'फ्रिझल' हे मुळात उलट्या वळलेल्या पिसांचं जनुक आहे. 'बँटम' हे आकाराचं नाव आहे. कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगणारेही भेटतात: पांढरी पाळी तर पांढरं अंडं, लाल तर तपकिरी. बहुतेकदा जमतं, पण डॉर्किंग लाल पाळीने पांढरं अंडं घालून त्यांना तोंडावर पाडते.

सर्वांत सुंदर कसोटी तळपायाची. ऑस्ट्रालॉर्प आणि काळी जर्सी जायंट समोरासमोर उभ्या केल्या की दोन काळे ढग. उचलून तळवे पाहा: ऑस्ट्रालॉर्पचे पांढुरके, जायंटचे पिवळे. दिसायला मात्र माणूस कोंबडीच्या पाया पडतोय असं दिसतं.

नर की मादी, हा तिसरा आजार. लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं, रोमन लेखक प्लिनीने बरोबर उलट लिहिलं, आणि दोघांचे अनुयायी अजून अंडी हातात घेऊन वाद घालतात. कवच चढण्याच्या आधीच लिंग ठरलेलं असतं आणि ते कोंबडीकडून ठरतं, आकाराचा काही संबंध नाही. बार्ड रॉकच्या पिल्लाच्या डोक्यावरचा फिकट ठिपका नरात मोठा आणि विस्कटलेला, मादीत लहान आणि आटोपशीर, एवढा आधार बरा. पंखांच्या पिसांची लांबी पाहून ओळखायची युक्ती मुद्दाम तशा जुळवलेल्या संकरांतच चालते. बाकी पिल्लांत तिने नाणं उडवल्याइतकंच कळतं.

जात ओळखण्याचा एक फायदा मात्र रोकडा आहे. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही, तिच्या वंशातून ते जवळजवळ पुसून टाकलेलं आहे. पाच बोटांची सिल्की मात्र गोट्यावरही बसते. ती बसली की दोन-तीन दिवस खात्री करून रात्री अंधारात गोटे काढावेत आणि फलित अंडी हळूच सरकवावीत. अंगाने ती लहान, म्हणून पोटाखाली झाकतील तेवढीच. ना पाणी घालायचं, ना फिरवायचं, ना वीज जायची भीती. आणि तरीही सातव्या दिवशी खुडूक माणूस एका हातात टॉर्च, दुसऱ्यात बर्फात तपासलेला थर्मामीटर घेऊन तिच्या पोटाखाली हात घालतो, आणि ती झाकण कसं बंद ठेवतात ते त्याच्या मनगटावर चोचीने लिहून देते.