‘दिग्दर्शकाचा एवढा उदोउदो कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानी व्हिडिओ गेम दिग्दर्शक फुमितो उएदांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे मुख्य आक्षेप दोन. एक, गेम कितीतरी जण मिळून बनवतात, मग एकाच माणसाचा उदोउदो कशाला? दोन, पडद्यावर काय घडणार ते खेळणारा ठरवतो, मग दिग्दर्शक दिग्दर्शन करतो तरी कशाचं?

दुसरा आक्षेप आधी घेतो, खरी मेख तिथेच आहे. अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही 2005 साली साधारण हाच मुद्दा मांडला होता: निवड खेळणाऱ्याच्या हाती गेली की कलाकृतीवर कर्त्याचा ताबा उरत नाही. मला हे पटत नाही. खेळणारा निवडतो खरा, पण कशातून निवडायचं आणि निवडताना हाताला काय जाणवायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

उएदांचा ‘इको’ (2001) घ्या. शिंगं असलेला एक मुलगा आणि योर्डा नावाची मुलगी ओसाड किल्ल्यात अडकलेत, एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही. कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबलं की तो तिचा हात धरतो. दाबून ठेवाल तोवर हात हातात, बोट उचललं की सुटला. तिला ओढत पळताना कंट्रोलर हातात थरथरतो. पडद्यावर ना गुण, ना जिवाची पट्टी. चार वर्षांनी आलेल्या त्यांच्या ‘शॅडो ऑफ द कलोसस’मध्ये पुन्हा तेच बटण, पण आता त्याने महाकाय प्राण्याच्या केसाळ पाठीला लटकायचं. तो अंग झाडतो, ताकदीचं वर्तुळ आक्रसत जातं आणि आपण दात-ओठ खाऊन बटण दाबून धरतो. अखेर तो कोसळतो. आता जल्लोष होईल असं वाटतं आणि वाजू लागतं शोकाचं संगीत! असे एकूण 16 प्राणी, आणि मधल्या अफाट माळावर एकही किरकोळ शत्रू नाही. त्या काळच्या साहसी गेममध्ये अशा शत्रूंची रेलचेल असे. उएदांनी ती छाटून टाकली.

श्रेय वाटलं गेलंच पाहिजे, यात वाद नाही. ते संगीत को ओतानी यांचं आहे, निर्माते केंजी काइदो आहेत. पण शोकाची धून, रिकामा माळ आणि बोटांना जाणवणारी ती पकड, ही सगळी एकाच भावनेकडे आपसूक वळत नाहीत. वेगवेगळ्या टेबलांवरचं काम एका दिशेला लावणारं माणूस लागतं, आणि त्यालाच मी दिग्दर्शक म्हणतो.

‘द लास्ट गार्डियन’ या त्यांच्या नंतरच्या गेमबद्दलची तुमची तक्रार मात्र अर्धी पटते. अरुंद जागी त्याचा कॅमेरा वैताग आणतो, त्याची पाठराखण मी करणार नाही. पण हाक मारल्यावर त्यातला अवाढव्य प्राणी त्रिको लगेच ऐकत नाही, याला तुम्ही बिघाड म्हणता, ते अजिबात मान्य नाही. तो जनावर आहे. आधी बघतो, घुटमळतो, मग कधीतरी उडी घेतो. पहिल्या हाकेला उडी घेणारा त्रिको खेळायला सोपा झाला असता, पण मग त्याला काही झालं तर माझा जीव खालीवर झाला नसता.