ऑर्कनीचे आकडे कांदोळीच्या समुद्राला लागू होत नाहीत

समुद्राच्या तळाशी डेटा सेंटर बसवले की थंडावा फुकट मिळतो, गोड्या पाण्याचा थेंबही लागत नाही, जमीन संपादित करावी लागत नाही आणि प्रदूषण शून्यावर येते; मायक्रोसॉफ्टने हे सिद्ध केले आहे, चीनने व्यवहारात आणले आहे, तेव्हा शंभर किलोमीटरहून लांब किनारा लाभलेल्या गोव्याने ही संधी दवडू नये, अशा आशयाचा एक संदेश सध्या आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत पर्यावरणाची मनापासून काळजी करणारी माणसेही आहेत. डोंगर कापले जाताना आणि विहिरी आटताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना असा पर्याय हवाहवासा वाटावा हे मी समजू शकतो, आणि म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

मायक्रोसॉफ्टने नेमके काय सिद्ध केले, ते आधी पाहू. २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक छोटा नमुना १०५ दिवस पाण्याखाली ठेवून झाल्यावर, जून २०१८मध्ये या कंपनीने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर असलेले एक पोलादी नळकांडे सुमारे ३५ मीटर खोलीवर उतरवले आणि जुलै २०२०मध्ये वर काढले. जमिनीवरील तशाच सर्व्हरांच्या तुलनेत त्यातील बिघाडाचे प्रमाण एक-अष्टमांश आढळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, परंतु त्याचे श्रेय संशोधकांनी मुख्यत्वे नळकांड्यात भरलेल्या कोरड्या नायट्रोजनला आणि आत माणसांचा वावर नसण्याला दिले होते, आणि या दोन्ही गोष्टी जमिनीवरच्या बंद खोलीतही साधता येतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आकाराचा आहे. त्या संपूर्ण नळकांड्याची क्षमता २४० किलोवॅट होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरला जाणारा एकच आधुनिक रॅक, म्हणजे सर्व्हर रचलेले कपाट, सुमारे १२० किलोवॅट वीज घेतो, म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, तो आजच्या हिशेबाने दोन रॅकचा प्रयोग होता. शंभर मेगावॅटचे केंद्र त्याच पद्धतीने उभारायचे तर अशी चारशेहून अधिक नळकांडी तळाशी मांडावी लागतील. आणि पाण्याखालच्या डेटा सेंटरचे काम आपण आता कोठेही करत नसल्याचे खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये स्पष्ट केले. फिरणाऱ्या संदेशात या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते तो असायला हवा होता.

चीनचे उदाहरण अधिक वजनदार आहे, कारण हैनान बेटाजवळ २०२३मध्ये सुरू झालेले केंद्र उष्ण कटिबंधातच आहे. उबदार समुद्रातही अशी यंत्रणा चालवता येते, हे त्यावरून मान्य करावे लागते. मात्र एखादी यंत्रणा चालते, याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे किंवा दुसऱ्या समुद्रातही ती तशीच वागेल, असा होत नाही.

आता फुकट थंडाव्याविषयी. पाण्याची बचत होते हे खरे आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या राज्यात ती लहान गोष्ट नव्हे. परंतु ऑर्कनीभोवतालचे पाणी वर्षभरात साधारण ७ ते १४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, तर आपल्याकडे पृष्ठभागाचे पाणी वर्षाचा बराच काळ २७ ते ३० अंशांवर असते. पाणी जितके उबदार, तितकी तीच उष्णता वाहून नेण्यासाठी यंत्रणा मोठी हवी. शिवाय उबदार पाण्यात बुडालेल्या वस्तूवर जीव झपाट्याने वाढतात. जूनच्या सुरुवातीला पणजीजवळच्या मालिमच्या जेटीजवळ ओढून ठेवलेल्या होडीच्या तळाकडे वाकून पाहावे. फळी मुळी दिसतच नाही. पांढऱ्या, धारदार तोंडांच्या बार्नेकल या कवचधारी जीवांचा खरबरीत थर बोटभर जाडीने चिकटलेला असतो, त्यांच्या फटींतून शेवाळ लोंबत असते, आणि लोखंडी पट्टीने तो खरवडताना माणसांचे हात सोलवटून निघतात. ही एका हंगामाची वाढ असते. ऑर्कनीच्या थंड पाण्यातून वर काढलेल्या नळकांड्यावरही शेवाळ आणि बार्नेकल होतेच, त्याच्या पायथ्याच्या सांदीकोपऱ्यांत समुद्रफुले वाढली होती. त्या प्रयोगात समुद्राचे पाणी रॅकच्या मागील रेडिएटरांतून फिरवले जात होते. असाच थर आपल्याकडे नळ्यांच्या आत बसू लागला की उष्णता बाहेर पडणे मंदावते, आणि तो रोखायचा तर तांबेयुक्त लेप किंवा क्लोरीन वापरावे लागते, जे दोन्ही शेवटी समुद्रातच उतरते. यंत्रे वर काढून साफ करण्यासाठी क्रेनचे जहाज लागते, आणि पावसाळ्यात आपला समुद्र कसा असतो हे येथे कोणाला सांगावे लागू नये.

विजेच्या बाबतीत हा संदेश सर्वाधिक दिशाभूल करतो. समुद्र थंडावा देतो, वीज देत नाही. ऑर्कनीच्या प्रयोगात संगणनासाठीच्या प्रत्येक १ युनिटमागे एकूण १.०७ युनिट वीज लागत होती, तर जगभरातील डेटा सेंटरांची सरासरी २०२३मध्ये सुमारे १.५८ युनिट होती. ही बचत चांगलीच आहे. पण ते मूळ १ युनिट तसेच शिल्लक राहते, आणि ते कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे. ऑर्कनीत ते बेटांवरच्या वारा आणि सूर्यापासून मिळाले. शांघायजवळच्या नव्या चिनी प्रकल्पाला समुद्री पवनचक्क्यांची जोड आहे. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बहुतांश वीज राज्याबाहेरून येते आणि तिच्यात कोळशाचा वाटा मोठा आहे. समुद्री पवन ऊर्जेसाठी देशात प्रथम निवडलेले पट्टे गुजरात आणि तामिळनाडूचे आहेत. छत्तीसगडमधील तामनारशी जोडलेल्या वीजवाहिनीसाठी गोव्याच्या पूर्व सीमेवरील मोले अभयारण्याच्या परिसरातील झाडे तोडण्यावरून २०२०मध्ये केवढे आंदोलन उभे राहिले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या राज्याची एकूण मागणीच काहीशे मेगावॅटमध्ये मोजली जाते, तेथे शंभर मेगावॅटचा नवा ग्राहक पाण्याखाली बसवला, तरी त्याची वीज सह्याद्री ओलांडूनच यावी लागेल. मोले वाचवण्यासाठी समुद्राकडे जाऊ, हा युक्तिवाद येथेच कोसळतो.

प्रदूषण शून्य, या दाव्याकडे मात्र दोन्ही बाजूंनी नीट पाहिले पाहिजे. अशा केंद्रांमुळे समुद्र तापेल, ही भीती त्या शब्दांत मांडली तर चुकीची आहे. एक मेगावॅट उष्णता दर सेकंदाला एक घनमीटर समुद्रजलाचे तापमान साधारण पाव अंशाने वाढवते. शंभर मेगावॅटसाठी दर सेकंदाला सुमारे २५ घनमीटर पाणी एका अंशाने तापेल. एक चौरस किलोमीटर समुद्रावर पडणारी सरासरी सूर्यऊर्जा याच्या दुपटीच्या आसपास असते, त्यामुळे अख्ख्या अरबी समुद्राला याची जाणीवही होणार नाही. परंतु तळावरचा जीव अख्ख्या समुद्रात राहत नाही, तो त्या जागी राहतो, आणि ती जागा कोणती व महिना कोणता, यावर सारे अवलंबून आहे.

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक उत्तर गोव्यातील कांदोळीसमोर सुमारे २८ मीटर खोलीच्या एका ठरावीक जागी वर्षानुवर्षे नोंदी घेत आले आहेत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी आपल्या उथळ किनारपट्टीवर चढते. त्याच वेळी पाऊस आणि नद्यांमुळे वर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरलेला असतो, आणि तो झाकणासारखा बसून हवेतला प्राणवायू खाली जाऊ देत नाही. खाली कुजणारे सेंद्रिय द्रव्य उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी तो जवळजवळ संपतो, आणि काही वेळा तेथे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजलेल्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, तयार होतो. पश्चिम किनाऱ्यावरील या स्थितीविषयीचा आणि तीत तयार होणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूविषयीचा शोधनिबंध २००० साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. गोव्याचे तळाचे पाणी यंत्रांना हवे तसे थंड असते, ते नेमके त्याच महिन्यांत, जेव्हा तेथील जीवांना श्वास घेणे कठीण झालेले असते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जीवांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. जो तळ आधीच काठावर उभा आहे, तेथे एखाद्या अंशाची स्थानिक वाढही क्षुल्लक मानता येणार नाही.

राहिला समुद्र रिकामा असल्याचा समज. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी किनारपट्टी नियमन क्षेत्रात मोडते, त्यामुळे परवानग्यांपासून सुटका नाही. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, ग्रँड बेटाभोवती प्रवाळ आहे. आणि रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, तो किनाऱ्यालगतच्या पाण्यावर आपली चूल चालते म्हणूनच. केबलांच्या आणि नळकांड्यांच्या सुरक्षेसाठी जाळी टाकायला मनाई असलेला पट्टा आखावा लागेल, आणि तो याच पाण्यातून कापला जाईल.

त्यामुळे असा प्रस्ताव खरोखरच कोणी मांडला, तर वीज कोणत्या केंद्रातून आणि कोणत्या वाहिनीने येणार, नळकांडी नेमक्या कोणत्या जागी आणि किती खोलीवर बसणार, आणि त्या जागेच्या तळाच्या पाण्यातील प्राणवायूच्या किमान एका पूर्ण वर्षाच्या, पावसाळ्यासह घेतलेल्या नोंदी कोठे आहेत, हे त्याने प्रथम जाहीर करावे. आणि त्यावरची पहिली सुनावणी पणजीतल्या सभागृहात न घेता मालिम, शापोरा, बेतुल येथील जेटींवर, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतील अशा दिवशी घ्यावी.