लोण्याचा रकाना

गेला अख्खा हिवाळा मी शेजारच्या आजींबरोबर त्यांच्या घराण्याचा माग काढण्यात घालवला. आजी नॉर्वेजियन वंशाच्या, वय चौऱ्याऐंशी. इथे विस्कॉन्सिनमधल्या मेनोमनी गावात लहानथोर सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते इतक्या वर्षांतही जमलेलं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक जुना फोटो आहे. बर्फात उभी वीस-पंचवीस दाढीवाली माणसं, हातात कुऱ्हाडी आणि लांब करवती, मागे ओंडक्यांची उतरंड. त्यातल्या एकाच्या डोक्यावर पेन्सिलीची फुली. "हे माझे पणजोबा. यांनी जंगल तोडलं आणि शेत उभं केलं." चार पिढ्या त्या घरात हेच वाक्य सांगितलं जातंय. कागद बघून झाल्यावर माझं ठाम मत झालंय की वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. शेत पणजीने उभं केलं.

सुरुवात आम्हीही सगळे करतात तशीच केली. माणसाचं नाव टाका, तो कुठल्या बोटीने आला ते शोधा. एका वेबसाइटवर कुणीतरी आयता वंशवृक्ष टाकलेला होता, तो धरून तीन आठवडे गेले आणि मग कळलं की तो माणूस वेगळाच, नुसतं नाव तेच. नॉर्वेजियन लोकांत हे व्हायचंच. त्यांची जुनी नावं थेट आपल्यासारखी असतात. लार्सचा मुलगा ओले, म्हणून ओले लार्सन. हौगेन नावाच्या शेतावर राहतो, म्हणून ओले लार्सन हौगेन. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग राहत्या ठिकाणाचं. 'हौगेन' म्हणजे टेकाड. आपल्याकडे टेकाडे आडनाव आहेच की! माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की शेवटचं नाव बदलायचं. अमेरिकेत आल्यावर कुणी बापाचं नाव पुढे चालवलं, कुणी शेताचं, तर सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी झाली. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही सांगोवांगीची गोष्ट आहे. ते केंद्र सुरूच झालं 1892 मध्ये, आणि 1850-60 च्या दशकांतले बहुतेक नॉर्वेजियन न्यूयॉर्कला उतरलेच नव्हते. ते कॅनडात क्यूबेकला उतरून, पुढे बोटीने आणि रेल्वेने इकडे यायचे. आजींची माणसंही क्यूबेकच्याच यादीत सापडली.

म्हणून माझं सांगणं, आधी जमीन शोधा. माणसांची नावं बदलतात, गट नंबर बदलत नाही. इथली सगळी सरकारी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजलेली आहे. एका चौकोनात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा. त्याचा पाव भाग म्हणजे 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षं राहून जमीन कसली तर एवढी जमीन किरकोळ फी भरून नावावर व्हायची. पक्क्या दस्ताची प्रत सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. पण खरा ऐवज त्याच्या मागच्या फाइलीत असतो, आणि ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी लागते. ती आली त्या दिवशी आजींनी कॉफी केली आणि आम्ही दोघी टेबलाशी बसलो. अर्जदाराचा जबाब, शेजाऱ्यांच्या साक्षी, घर केवढं, किती एकर मोडून लागवडीखाली आणली, राहायला कधी आले, मध्ये कधी जागा सोडली होती का.

त्या शेवटच्या प्रश्नापाशी मी अडले. अर्जदार म्हणतो, माझं कुटुंब इथे सलग राहिलं आहे. कुटुंब! कारण तो स्वतः दर हिवाळ्यात तिथे नव्हताच.

मेनोमनीत तेव्हा नॅप, स्टाउट आणि कंपनी या लाकूड कंपनीचं राज्य होतं. जगातली सर्वांत मोठी लाकूड कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. इथला पांढरा पाइन हिवाळ्यातच तोडायचे, कारण गोठलेल्या वाटांवरून ओंडक्यांनी लादलेल्या घसरगाड्या ओढता येत. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने कंपनीची खूण ठोकायची, नदीकाठी रास लावायची, आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की सगळे रेड सीडर नदीत सोडायचे. गिरणीत कापलेल्या फळ्यांचे तराफे मिसिसिपीवरून पार सेंट लुईसपर्यंत जात. शेतकरी पीक निघालं की कॅम्पवर जायचा, तो चैत्राच्या सुमाराला परतायचा. रोख पैसा मिळायचा तो तिथेच.

मग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या 160 एकरांवर कोण होतं? उणे वीस-पंचवीस अंशांत गुरांना पाणी कोण दाखवत होतं? पाच वर्षं सलग राहण्याची अट कुणाच्या राहण्याने पुरी झाली?

1870 च्या खानेसुमारीत नवऱ्यापुढे 'शेतकरी' लिहिलंय आणि पणजीपुढे 'घर सांभाळते'. गणना करणाऱ्यांना तसंच लिहायच्या सूचना होत्या. पण 1850 ते 1880 च्या खानेसुमाऱ्यांबरोबर शेतीचे वेगळे तक्तेही भरले जायचे, आणि लोक ते उघडूनच बघत नाहीत. 1880 च्या तक्त्यात आजींच्या पणजोबांच्या नावापुढे जनावरं, गहू, ओट्स, अंडी, आणि एक रकाना: वर्षात शेतावर केलेलं लोणी, पौंडांत. आकडा काही शेकड्यांत होता. आजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्या माणसाने लोणी घुसळलेलं नाही हो! तो आकडा तिचा आहे. अख्ख्या सरकारी दप्तरात तिच्या कष्टाची झालेली एवढी एकच नोंद, आणि तीही नवऱ्याच्या नावावर.

पुढची वीस वर्षं जवळपास कोरी आहेत. 1890 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत जळाले किंवा खराब झाले आणि उरलेले पुढे नष्ट केले गेले, आणि 1895 च्या राज्याच्या गणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. त्या काळातच जंगल संपत आलं, कंपनीची शेवटची गिरणी 1901 मध्ये बंद पडली, उत्तरेकडे नुसते बुंधेच बुंधे उरले आणि गव्हाची जागा गाईंनी घेतली. 1890 मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठात बॅबकॉक यांनी दुधातली फॅट मोजायची सोपी रीत काढली. आज आपल्या गावच्या डेअरीवरही 'फॅट किती लागली' विचारतात, तोच हिशेब. लोणी स्वयंपाकघरातून क्रीमरीत, म्हणजे लोण्याच्या कारखान्यात, गेलं. चांगलंच झालं, पण बाईच्या हातातला तो पैसाही तिथेच गेला.

मग 1900. त्या वर्षी बायकांना विचारलं होतं, किती मुलं जन्मली आणि किती हयात आहेत. तिच्यापुढे लिहिलंय: नऊ, पाच. त्या नऊ मुलांपैकी आजींना चौघांचीच नावं माहीत होती, तीही सगळी जगलेल्यांची.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. ही जमीन 'रिकामी' नव्हती. 1837 मध्ये ओजिब्वे आणि डकोटा लोकांशी झालेल्या करारांनी या भागातली जंगलं सरकारने घेतली, आणि तेव्हाही डोळा पाइनवरच होता. मेनोमनी हे नावसुद्धा 'मनोमिन' म्हणजे तळ्यातला जंगली भात, या ओजिब्वे शब्दाशी नातं सांगतं. घराण्याचा इतिहास लिहिताना पहिलं पान 'आमचे पणजोबा आले' असं सुरू करू नये, असं मी आजींना सांगितलं. त्यांनी पहिलं पान बदललं. मला त्यांचा फार आदर वाटला.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगते. आम्ही कोकणातले. माझे पणजोबा मुंबईला गिरणीत, गणपती आणि शिमग्यापुरते घरी. भात लावला, कापला, गुरं राखली ती पणजीने. सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच नव्हतं. नॉर्वेत बाई लग्नानंतरही आपल्या बापाचं नाव लावायची, अमेरिकेत आल्यावर ते पुसलं गेलं. आमच्याकडे तर लग्नातच ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहून जुनं मिटवत.

परवा आत्याला फोन केला. म्हटलं, पणजीचं माहेरचं नाव काय गं?

"नाव नाय बा म्हायत," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "पण वाडीत सगळे तिला फोंडेकरीण म्हणायचे."

म्हणजे फोंड्याची. मे महिन्यात जातेय, तिथल्या वाड्यांपासून सुरुवात करायची.