इकिगाईची चार वर्तुळं

फॅमिली ग्रुपवर ती आकृती अधूनमधून येतेच. एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं: काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे, पैसे कशाचे मिळतात. चारींच्या मधोमध 'इकिगाई', म्हणजे जगण्याला अर्थ देणारी गोष्ट. खाली मजकूर: हे जपानचं प्राचीन गुपित, तिथल्या ओकिनावा बेटांवरचे लोक यामुळेच शंभरी गाठतात, ते सापडेपर्यंत तुमचं आयुष्य वाया.

प्राचीन वगैरे काही नाही. आकृती 2011-12च्या सुमाराची, स्पेनमधल्या आंद्रेस सुसुनागा या ज्योतिषाची. (ज्योतिषाचीच! म्हणून आपल्याकडे इतकी चालली की काय.) मध्यभागी त्यानं 'उद्देश' लिहिलं होतं. 2014 मध्ये मार्क विन या ब्रिटिश गृहस्थानं तिथे 'इकिगाई' बसवलं. इकिगाई जपानचीच, वर्तुळं नव्हेत.

खरी गोम पैशाच्या वर्तुळात आहे. मिएको कामिया या जपानी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1966 साली इकिगाईवर पुस्तक लिहिलं, त्यामागे नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांमधलं त्यांचं काम होतं. घरदार तुटलेली, कायद्यानं कोंडलेली माणसं; तो कायदा रद्द व्हायला 1996 उजाडलं. करिअर हा विषयच नव्हता. आयुष्य रिकामं वाटतं म्हणणारे तिथे पुष्कळ होते, पण काहींची जगण्याची उमेद दांडगी होती. याच बेटावर अंध रुग्णांनी हार्मोनिका वाजवणारं पथक उभं केलं. बोटांची संवेदना गेलेली, म्हणून काहीजण जिभेनं ब्रेल वाचायला शिकले. याचे पैसे कोण देणार होतं? आकृतीच्या हिशोबानं ते नापास. नातवाला शाळेत सोडणारे आजोबा आणि पहाटे काकड्याला हजर असणारी आजीही नापास.

ओकिनावाचं म्हणाल, तर 2000 साली तिथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या 47 प्रांतांत 26व्या क्रमांकावर घसरलं. बदललेला आहार आणि वाढलेली वजनं ही कारणं त्यासाठी दिली जातात. इकिगाई तर तिथेच होती की!

आता न्यायाचं बोलायचं, तर मियागी प्रांतातल्या सुमारे 43 हजार लोकांचा सात वर्षांचा अभ्यास 2008 मध्ये आला. इकिगाई नाही म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पण त्यांच्यात आजारी आणि बेरोजगारही जास्त होते. संशोधकांनी तो फरक हिशोबात धरला, तरी एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय प्रश्न साधाच होता: तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? वर्तुळं कुणी काढायला लावली नव्हती.

राहिलं 'आयुष्य वाया'. त्या ओळीखाली बऱ्याचदा वर्कशॉपची लिंक असते. पैसे कशाचे मिळतात, हे निदान आयोजकांना तरी नेमकं सापडलंय.