निफाडचा गहू कुणाच्या हातात राहणार?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या गव्हावरून जुंपली आहे. सिन्नरचा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणतो, प्रयोगशाळेतलं बियाणं शिरलं की आपले वाण संपले. नाशिकरोडचे काका म्हणतात, इंग्लंडात हेक्टरी आठ टन गहू निघतो, आपला देश साडेतीन टनांच्या आसपास अडकलाय. मग येऊ द्या की ते मार्करचं, म्हणजे डीएनएची खूण बघून रोपं निवडायचं तंत्र. मी इंग्लंडात नॉर्विचला पीक-पैदाशीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे दोघंही मलाच साक्षीला बोलावतात.

काका, तुमच्या आठ टनांचं आधी बोलू. इथला गहू ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टमध्ये काढतात. दाणा भरतो तेव्हा हवा थंड असते आणि दिवस सोळा तासांचा. निफाडकडचा गहू नोव्हेंबरात पेरला की मार्चमध्ये खळ्यावर, तोही फेब्रुवारीचं ऊन सोसून. हे अंतर कुठलाही मार्कर भरून काढणार नाही. उत्पादन अनेक बारीकसारीक जनुकांवर आणि हवामानावर ठरतं. एखाद-दुसऱ्या जनुकावर उभी असलेली रोगप्रतिकारक शक्ती ओळखायची असेल, तिथे मार्कर खरा कामाला येतो.

आणि दादा, यात परका जनुक घुसवत नाहीत. 2010 मध्ये परका जनुक घातलेल्या बीटी वांग्याला स्थगिती मिळाली तो वाद वेगळा. इथे गव्हाचा गव्हाशीच संकर होतो, नेहमीसारखा. रोपाला दोन पानं आली की पानाचा तिळाएवढा तुकडा काढायचा आणि पाटीतल्या एकेका खाचेत टाकायचा. एका पाटीत 96 रोपं बसतात. हव्या त्या जनुकाजवळची डीएनएची खूण कोणाकडे आहे ते कळलं, की तेवढीच रोपं पुढे वाढवायची. एरवी रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मध्ये पेरून तांबेरा रोग येण्याची वाट बघावी लागते. शिवाय तांबेऱ्याविरुद्धचे दोन जनुक एकाच रोपात आले, तर नुसत्या डोळ्यांना ते एका जनुकाच्या रोपासारखंच निरोगी दिसतं. खूण तपासली तरच दोन्ही आहेत हे समजतं.

बाजरीचं उदाहरण तर तुझ्या रानातलंच. गोसावी रोग पडला की कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, दाणा नाही. एचएचबी 67 हा 1990 चा, साधारण 65 दिवसांत येणारा संकरित वाण याच रोगाच्या तावडीत सापडत होता. हरियाणाचं कृषी विद्यापीठ, हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था आणि ब्रिटनमधल्या संस्थांनी मिळून मार्करच्या आणि नेहमीच्या संकराच्या मदतीने त्याच्या जनक वाणांत प्रतिकारशक्ती आणली, आणि 2005 मध्ये सुधारित वाण शेतकऱ्यांकडे गेला. यामागे सरकारी पैसा होता. कोरडवाहू गरिबाच्या पिकावर एवढा खर्च करायची खासगी कंपनीला घाई नसते.

मला काळजी वाटते ती याच ठिकाणी. इथे केंब्रिजला सरकारी पैदास संस्था होती, ब्रिटनच्या शेतांत तिचेच गहू असायचे. 1987 मध्ये सरकारने तिचा वाण तयार करणारा भाग युनिलिव्हरला विकला. आज इथला शेतकरी संरक्षित वाणाचं घरचं बियाणं पेरतो तेव्हाही वाणाच्या मालकाला शुल्क भरतो. आपल्याकडे 2001 चा कायदा शेतकऱ्याला बियाणं ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि ब्रँडशिवाय विकायचाही हक्क देतो. गहू सरळ वाणाचा, म्हणजे घरचं बियाणं पेरलं तरी तसाच उगवणारा असल्याने तो हक्क खरोखर वापरता येतो. बाजरी संकरित, तिचं बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण राहुरी कृषी विद्यापीठाच्या निफाड इथल्या गहू संशोधन केंद्राने दिले. नावं आपल्या जिल्ह्याची, आणि निवडही आपल्याच उन्हात झालेली. मार्करचं यंत्र पैसे टाकले की कुठेही बसवता येतं. वर्षानुवर्षं एकाच रानात गहू पाहिलेला पैदासकार मात्र एकदा गेला की बाजारात विकत मिळत नाही. केंब्रिजचं जे झालं ते निफाडचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ग्रुपवर याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही.

दादा, या रब्बीत केंद्रावर चक्कर टाकशील तेव्हा तीन गोष्टी विचारून ये: मार्करची तपासणी तिथेच होते की नमुने बाहेर पाठवावे लागतात, पैदासकारांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि उशिरा पेरलेल्या गव्हासाठी पुढे काय तयार होतंय. काका, उत्तरं आली की आमदारांना पत्र तुम्ही लिहा. मजकूर मी इथून पाठवतो.