डॅशबोर्ड नक्की कोणासाठी?

डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे सगळे आकडे दाखवणारी स्क्रीन, बसवला की धंदा सुधारतो, असं सॉफ्टवेअर विकणारे सांगतात. सुधारतोही, पण आकडा कोणाच्या हातात पडतो त्यावर ते अवलंबून आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा फक्त वर जातो. खालची पोरं रात्री उशिरापर्यंत एक्सेल भरतात, एमआयएसवाला, म्हणजे ऑफिसचे रिपोर्ट बनवणारा, त्याचे रंगीत ग्राफ करतो, सोमवारच्या रिव्ह्यूत साहेब कमी पडलेल्या आकड्याच्या लाल चौकोनावर बोट ठेवून ज्याने भरलं त्यालाच झापतात. पुढच्या सोमवारी चौकोन हिरवा. कसा झाला, ते सगळ्यांना माहीत असतं!

जपानच्या सेव्हन-इलेव्हन या छोट्या किराणा-खाऊच्या दुकानांच्या साखळीने हेच काम उलट्या दिशेने केलं. सेव्हन-इलेव्हन मूळ ज्यांची त्या अमेरिकेतल्या साउथलँड कंपनीचा परवाना घेऊन तिथलं पहिलं दुकान 1974 मध्ये टोकियोत निघालं. दुकानं चिमुकली, माल साठवायला जागा जवळजवळ नाही. नको तो माल शेल्फवर बसला की हव्या त्या मालाला जागाच उरत नाही. 1982 पासून दुकानांत पीओएस, म्हणजे गल्ल्यावरच प्रत्येक विक्री नोंदवणारी, यंत्रणा आली. काय विकलं, किती वाजता विकलं, सगळी नोंद. गिऱ्हाईक बाई की पुरुष, वय साधारण किती, हेही गल्ल्यावरच्या माणसाने अंदाजाने बटण दाबून टाकायचं.

इथवर कोणीही पैसे ओतून पोहोचेल. पण जपानमधली सेव्हन-इलेव्हन उभी करणाऱ्या तोशिफुमी सुझुकी यांनी ऑर्डर ठरवण्याचं काम दुकानाकडेच ठेवलं, आणि ते करायला अर्धवेळ कामावर येणारी माणसंसुद्धा असत. उद्या कडक ऊन आहे, जवळच्या शाळेत क्रीडा दिन आहे, मग ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, किती मागवायचे? अंदाज बांधा, ऑर्डर द्या, दुसऱ्या दिवशी विक्रीशी ताडून बघा. सुझुकींचा आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बारा वाजता संपलेला माल रिपोर्टमध्ये झकास विकलेला दिसतो. बारानंतर हात हलवत परत गेलेली गिऱ्हाइकं कुठेच दिसत नाहीत. ही गोष्ट काउंटरवरच्या पोरीला कळते, मुख्यालयातल्या स्क्रीनला नाही.

1990 मध्ये साउथलँडने दिवाळखोरी जाहीर केली आणि 1991 मध्ये जपानी मंडळींनी तिचे सुमारे 70 टक्के शेअर विकत घेतले. पोरानेच बापाचं घर सोडवलं म्हणायचं. अर्थात साउथलँड बुडाली ती मुख्यतः कर्जापायी, तेव्हा सगळं श्रेय आकड्यांना देणं हा भाबडेपणा होईल.

आणि सेव्हन-इलेव्हनला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. मुदत संपत आलेलं जेवण स्वस्तात विकायला दुकानदारांना अडवू नका, असा आदेश जपानच्या स्पर्धा आयोगाने 2009 मध्ये याच कंपनीला दिला. उरलेल्या मालाचा भुर्दंड दुकानदाराच्या माथी, आणि दुकानाच्या कमाईतला कंपनीचा वाटा मोजताना फेकलेल्या मालाचा खर्च वजा होत नव्हता. म्हणजे ऑर्डर जास्त गेली तर मुख्यालयाचं फारसं बिघडत नव्हतं. 'कामगिरी सुधारली' असं कोणी म्हणालं की मी आता आधी विचारतो, कोणाची?

तुमच्या ऑफिसात रिपोर्ट बघून खालच्या माणसाने, वरून फोन न येता, स्वतःहून काही बदललंय का? असेल तर कमेंटमध्ये लिहा. "आमच्याकडे पॉवर बीआय (डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर) आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही.